खिंडीतला फोन

शनिवार, २७ एप्रिल

काय झालं ते क्रमाने.

१. 'वाडीजेवण' हे संकेतस्थळ समीक्षाने आणि मी मे २०१८ मध्ये बनवलं. तेव्हा आम्ही दोघी लोणावळ्यात डिप्लोमा करत होतो. लोहगडवाडीत ट्रेकवाल्यांना जेवण देणाऱ्या घरांची यादी, प्रत्येक घराचा एक फोटो आणि ताटं सांगायला एक फॉर्म. एवढंच.

२. संकेतस्थळाचं नाव, म्हणजे डोमेन, एका मोठ्या कंपनीकडे नोंदवलं. असं नाव कायमचं मिळत नाही, दर वर्षी मुदत वाढवावी लागते. नोंद समीक्षाच्या नावावर झाली, कारण बँकेचं कार्ड तिच्याकडे होतं.

३. त्या कंपनीने गेल्या वर्षी नावं नोंदवण्याचा अख्खा धंदा दुसऱ्या कंपनीला विकला. बातमी मी आंबीच्या कारखान्यात, जिथे मी कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळते, जेवणाच्या सुट्टीत वाचली. त्या लाखो नावांत आमचंही एक असेल, हे डोक्यात आलं नाही.

४. आमचं नाव या महिन्यात नव्या कंपनीकडे गेलं. जोडलेलं कार्ड सोबत गेलं नाही. मुदत ३१ मेला संपते.

५. मुदत वाढवायला नव्या कंपनीत लॉगिन करावं लागतं. पासवर्ड बरोबर आहे. त्यानंतर सहा आकडी कोड फोनवर जातो.

६. तो फोन म्हणजे खिंडीतला फोन.

७. खिंडीतला फोन आता नाही.


रविवार, २८ एप्रिल

फोनबद्दल लिहून ठेवायला हवं. आणखी काही वर्षांनी मलाच खरं वाटणार नाही.

२०१८ मध्ये वाडीत रेंज नव्हती. लोहगड आणि विसापूरच्या मधल्या खिंडीत एका उंबराखाली होती, तीही झाडाच्या एकाच बाजूला. वाडीने मिळून एक बटणांचा फोन घेतला, दुधाच्या पिशवीत गुंडाळला आणि समीक्षाच्या आईच्या, सविता मावशींच्या, लिंबूसरबताच्या टपरीच्या खांबाला अडकवला. सकाळी खिंडीत जो पहिला पोहोचेल त्याने निरोप वाचून खडूने पाटीवर लिहायचे: "शनवार ८ ताटं, नथूकडं." संध्याकाळी जो शेवटचा उतरेल त्याने भरलेली बॅटरी घालायची आणि रिकामी घरी न्यायची. गॅसला, रेशनला, शाळेला सगळ्यांनी तोच नंबर दिला होता. बँकेचा कोडसुद्धा मी पाटीवर लिहिलेला पाहिला आहे, आणि खाली लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे वेळही टाकली होती.

सुरक्षेच्या विषयात मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क होते. तरी डोमेन आणि साइटची यादी या दोन्हींच्या एकाच खात्याला हाच नंबर दिला. माझा देता आला असता, माझ्या गावात, भाज्यात, रेंज होती. समीक्षा म्हणाली, साइट वाडीची आहे तर नंबरही वाडीचाच. मी ऐकलं.

२०२२ मध्ये टॉवर आला. ज्याचा त्याचा फोन झाला. खिंडीतल्या फोनला कुणी रिचार्ज केलं नाही, कारण ते दर वेळी दुसराच कुणीतरी करत आला होता. नंबर बंद पडला. बंद नंबर कंपनी पुन्हा विकते. आता तो कुणाकडे तरी आहे. आज तीनदा लावला, घंटी वाजली.

३१ मे उलटून थोडे दिवस गेले की नाव कुणालाही घेता येतं. पलीकडच्या एका वाडीचं असंच गेलं. आता त्या नावावर स्विमिंग पूल असलेले बंगले भाड्याने मिळतात. पावसाळ्याचे चार महिने यादीतल्या तेरा घरांची चूल या फॉर्मवर पेटते.


मंगळवार, ३० एप्रिल

उचलला. हौशीराम नाव. टेंपो चालवतो. मी माझं नाव सांगितलं, भाजे सांगितलं, हा नंबर पूर्वी लोहगडवाडीचा होता हे सांगितलं.

"म्हंजे पिठल्यावाल्या तुमी?"

मी म्हटलं, एका अर्थी.

"आवो ताई, हा नंबर घेतल्यापासनं शनवार आला की सुरू! दहा ताटं ठेवा, तिखट कमी टाका, एक जण जैन हाय. एकदा वैतागून म्हनलं, या, तयार हाय. तर त्यो गडी खरंच पाच मानसं घिऊन गडाखाली हुबा, आन् मला फोनवर फोन. मी नारायणगावात टमाटी भरतोय!"

मी माफी मागितली. साइटवरचा नंबर मी २०२२ मध्ये बदलला होता. लोकांच्या जुन्या पोस्टमधला बदलणं माझ्या हातात नाही, हेही सांगितलं. मग कोडचं सांगितलं.

"आता आल्या मुद्द्यावर. मेव्हन्याचं खातं असंच साफ झालं. त्याला बी बाईचाच फोन आलता. लय ग्वाड बोलत व्हती म्हनं. तुमी तर तेवढं बी बोलत न्हाई."

मी म्हटलं, कोड अनोळखी माणसाला देऊ नये हे बरोबर आहे.

"मग झालं तर," म्हणाला, आणि ठेवला.

कारखान्यात दर तीन महिन्यांनी मी कामगारांना नेमकं हेच शिकवते. तक्रार करायला जागा नाही.


बुधवार, १ मे

हौशीरामने माझा नंबर ब्लॉक केला आहे. सुट्टी. कपडे धुतले.


सोमवार, ६ मे

नव्या कंपनीचं उत्तर आलं. नम्र आणि स्पष्ट आहे. दोन रस्ते आहेत. एक, खात्याला जोडलेल्या पर्यायी मेलवर कोड मागवणं. दोन, ज्याच्या नावावर नोंद आहे त्याने ओळखपत्र पाठवणं.

पर्यायी मेल समीक्षाचा आहे. नोंद समीक्षाच्या नावावर आहे.

तिसरा रस्ता आहे का, असं विचारलं आहे.

साइटच्या सामायिक मेलमध्ये जुन्या पावत्या शोधल्या. दर वर्षी ३१ मेला एक, अशा गेल्या वर्षापर्यंत सगळ्या आहेत. सगळ्यांवर कार्डाचे शेवटचे चार आकडे तेच. मुदत आपोआप वाढते एवढं मला माहीत होतं. कुणाच्या कार्डातून, हे २०२१ नंतर मी कधी पाहिलं नव्हतं. ते बंद करायला तिला एक मिनिट लागलं असतं. विसरली असणार.


बुधवार, ८ मे

तिसरा रस्ता नाही.


गुरुवार, ९ मे

आई म्हणाली, "त्या पोरीला एक फोन करायचा तर किती दमतीस."

मी म्हटलं, दुसरी सोय होते का बघतेय.

कारण इथे एकदा लिहून टाकते. डिसेंबर २०२१ मध्ये समीक्षाने यादीत चौदावं घर घातलं: भागुबाई, भाजे, लेणीच्या पायथ्याला. म्हणजे माझी आई. फोटो समीक्षाने काढला. चुलीपुढे आई, मागे भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर. घर यादीत सहा दिवस होतं. सातव्या दिवशी, १७ डिसेंबरला सकाळी ६:५० वाजता, ती ओळ काढली गेली. भाजे वाडीत मोडत नाही, असं कारण माझ्या कानावर आलं. यादीतलं नववं घर भाज्यातलंच आहे. त्या फोटोत भिंतीवर गणपती आहे. ते घर अजून आहे.

पासवर्ड दोघींनाच माहीत होता. मी ओळ काढली नाही. मी समीक्षाला विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. पुढचे तीन महिने आम्ही फक्त साइटबद्दल मेलवर बोललो. मग ती बेंगलोरला नोकरीला गेली. साइट मी चालवते.

आईने आज पहिल्यांदा विचारलं. "ज्यांनी तुज्या आयला काढली त्यांची ताटं तू मांडतीस व्हय?"

मी म्हटलं, तेरा घरं आहेत. तेराही घरांनी काढलं नाही.

"अडवलं बी न्हाई."

मी लॅपटॉप उघडला.

थोड्या वेळाने आईच म्हणाली, "आन् म्या कुटं मागितलं व्हतं नाव? तीच आली. माज्यासंगं कांदा चिराय बसली. म्हनली, भागुमावशी, फोटू काढती. म्या म्हनलं, मागं भिंत येतीया बग. ती म्हनली, येऊ द्या की."

हे मला माहीत नव्हतं. याने काही बदलत नाही. फक्त नोंद.


सोमवार, १३ मे

मतदान. शाळेत रांग लहान होती, वीस मिनिटांत बाहेर. मळवलीच्या फाटकाजवळ बजरंगदादा भेटला, समीक्षाचा थोरला भाऊ. वाडी ते मळवली जीप चालवतो. त्याच्याही बोटाला शाई होती.

"साइट बंद पडनार म्हनत्यात. खरं का गं?"

"एकतीसनंतर."

"मग पावसाळ्यात कसं करायचं? आयनं दोन पोती तांदूळ भरून ठेवलाय."

मी सांगितलं की समीक्षाच्या मेलवर कोड येईल, तो लागेल. तू तिला फोन कर.

तो स्टिअरिंगवर ते बोट घासत राहिला, शाई पुसायची असल्यासारखा. "माजा उचलत न्हाई ती. अडीच वर्सं झाली. आयशी बोलती, आन् मागं माजा आवाज आला की ठेवती."

"का?"

"हाय कायतरी." मग म्हणाला, "भाज्यापर्यंत सोडू का? ऊन लय हाय."

मी चालत आले. जमिनीचं असेल काहीतरी. बहीण-भावांत तेच असतं.


गुरुवार, १६ मे

पंधरा दिवस उरले. कारखान्यात दोन स्विच बदलले. पाठ दुखते. समीक्षाला मेल लिहायला घेतला. "नमस्कार" लिहून बंद केला. तिला मी आयुष्यात कधी नमस्कार म्हटलेलं नाही.


रविवार, १९ मे

सकाळी वाडीत गेले. ठरवून गेले होते की समीक्षाशी मावशींनाच बोलायला सांगायचं. त्यांच्या फोनवरून कोड मागवला तर मला मध्ये यायची गरज नाही.

मावशी भाकरी करत होत्या. पुण्याचे आठ जण बाहेर ओट्यावर बसले होते. मावशी म्हणाल्या, "बस. किती वाळलीस गं. कंपनीत खायाला देत्यात का नुसतं वायरी देत्यात?"

पीठ हवं होतं म्हणून मला कपाट उघडायला सांगितलं. कपाटाच्या दाराला आतून निळ्या मार्करने लिहिलेलं होतं. दहा अक्षरं, शेवटी उद्गारचिन्ह. आमचा पासवर्ड. अक्षर माझं.

मी पीठ काढून दिलं.

"मावशी, हे इथे कधीपासून आहे?"

"आता गं. तूच तर लिवलं व्हतंस. तुमी दोगी लोणावळ्याला गेल्यावर कुनाला लागलं तर म्हनून."

खरं आहे. मी लिहिलं होतं. २०१८ मध्ये, पहिल्याच आठवड्यात. मार्कर मी घरून नेला होता.

"कुणाला लागलं कधी?"

मावशींनी भाकरी उलटली. ती फुगली, तरी त्यांनी ती तव्यावरून काढली नाही. करपल्याचा वास आला तेव्हा काढली.

"बजरंगला लागलं व्हतं," त्या म्हणाल्या. "एकदा."

त्यांनी पुढची भाकरी थापायला घेतली.

"त्यो आपल्या मनानं न्हाई गेला. म्या धाडला त्याला. चार बायका आल्या व्हत्या, हितं अश्या बसल्या. म्हनल्या, फोटू बगून गिऱ्हाईक इचारतंय, ह्ये घर कुनाचं. कुनी सुदिक इचारलं न्हवतं. मला ठावं व्हतं. पर मला ह्याच वाडीत ऱ्हायाचंय, यशो. म्या समीला म्हनलं, काढ. ती म्हनली, काढायचं तर आदी आपलं घर काढ. दोन दिवस जेवली न्हाई. तिसऱ्या दिवशी पाटं बजरंग खिंडीत गेला, फोनवरचा आकडा बगितला, आन् त्याच्या मोबाइलवरनं काढलं. ती उठायच्या आदी."

६:५०. पहिला पोहोचेल त्याने निरोप वाचायचे.

"तिने मला सांगितलं का नाही?"

"तू इचारशील म्हनून थांबली व्हती. आपनहून कसं सांगनार गं, आय आन् भाव हायेत तिचे. इचारलं असतंस तर सांगितलं असतं तिनं. मलाच म्हनली व्हती तसं." त्यांनी हात धुतले. "तू इचारलंच न्हाईस."

मी म्हटलं की कोड सहा आकडी असतो आणि फक्त दहा मिनिटं चालतो. ते त्या वेळी का म्हटलं, मला सांगता येणार नाही.

बाहेरून कुणीतरी भाकरी मागितली. मावशींनी तीन माझ्या हातात दिल्या, मी नेऊन वाढल्या. परत आले तेव्हा त्यांनी डबा भरून ठेवला होता. भरलं वांगं. "भागुबाईला दे. काय सांगू नगंस. नुसता दे."

समीक्षाशी बोला असं मावशींना सांगायचं राहून गेलं. खिंडीतून उतरताना लक्षात आलं, आणि मी परत वर गेले नाही.


त्याच दिवशी, संध्याकाळी

आईला सगळं सांगितलं. तिने डबा उघडला, बघितला, झाकण लावलं. मग पुन्हा उघडला आणि दोन ताटल्यांत वाढलं.

"मीठ कमी हाय," म्हणाली. आणि नंतर, "डबा रिकामा धाडायचा नसतो. आपल्या घरचं कायतरी घालू. खात्यात का बगू."


सोमवार, २० मे

६:५० ही वेळ बरोबर होती. ओळ आमच्याच खात्यातून निघाली, हेही बरोबर होतं. पासवर्ड दोघींनाच माहीत होता, हे चूक. ते मी तपासलं नव्हतं. कपाट वाडीत होतं आणि वाडी घरापासून दीड तासाच्या चालीवर.

कारखान्यात अशी चूक कुणी केली तर मी काय लिहिते ते मला माहीत आहे.


बुधवार, २२ मे

समीक्षाला लिहायच्या मेलचे चार मसुदे झाले. पहिला दीड पान. दुसऱ्यात फक्त कोडचं. तिसऱ्यात 'क्षमस्व' होतं, ते काढलं. रस्ता दुरुस्तीच्या फलकावर असतं तसं दिसत होतं. चौथा बरा आहे.

आईला विचारलं की यादीत तिचं घर परत घातलं तर चालेल का. ती भांडी घासत होती.

"मला नगं," म्हणाली. मग नळ बंद केला. "आन् घालायचंच आसंल तर फोटू त्योच. दुसरा काडनार न्हाई मी."


गुरुवार, २३ मे

बुद्धपौर्णिमा. सकाळी विहारात गेलो. आईने खीर केली. मावशींच्या डब्यात भरली, वर कापड बांधलं. बजरंगदादाची जीप खालून जाते तेव्हा मी रस्त्यावर उभी राहिले.

"आईने मावशींना दिलंय. खीर आहे."

त्याने डबा दोन्ही हातांनी घेतला. सीटवर ठेवायला गेला, मग तिथल्या बाईला म्हणाला, "मांडीवर घ्या वो, सांडल." माझ्याकडे बघितलं नाही. "सांगितलं का आयनं?" एवढंच विचारलं.

"हो."

"समीला सांग, कोड मीच बगितला व्हता."

"तू सांग."

"माजा उचलत न्हाई गं ती," तो म्हणाला आणि गिअर टाकला.

डबा अजून परत आलेला नाही. आजच गेला आहे, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नाही.

दुपारी मेल पाठवला. इथे उतरवून ठेवते.

समीक्षा,

वाडीजेवणचं नाव दुसऱ्या कंपनीकडे गेलं आहे. मुदत ३१ मेला संपते. जुनं कार्ड आता चालत नाही. खात्याचा फोन म्हणजे खिंडीतला नंबर. तो आता नारायणगावच्या एका टेंपोवाल्याकडे आहे आणि तो कोड देत नाही, ते बरोबरच आहे. लोक अजून त्याच्याकडे पिठलं मागतात.

तुझ्या मेलवर सहा आकडी कोड मागवता येतो. तो दहा मिनिटं चालतो. म्हणून तू वेळ सांग, त्या वेळी मी लॉगिन करेन. कोड फोनवर सांग, लिहू नकोस. माझा नंबर तोच आहे.

डिसेंबर २०२१ ची ओळ तू काढली नव्हतीस, हे मला रविवारी कळलं. मावशींनी सांगितलं. पासवर्ड कपाटाच्या दारावर मीच लिहिला होता आणि विसरले होते. मी तुला त्याच दिवशी विचारायला हवं होतं. अडीच वर्षं विचारलं नाही. ती चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही.

दर वर्षी मुदतीचे पैसे तू भरलेस. पावत्या पाहिल्या.

मला चौदावं घर यादीत परत घालायचं आहे, त्याच फोटोसह. आई नको म्हणते आणि फोटो तोच हवा म्हणते. साइट तुझ्या नावावर आहे आणि तुझं घर पहिल्या क्रमांकावर आहे. वाडीत जे होईल ते मावशींना सोसावं लागेल, म्हणून हे मी एकटीने ठरवणार नाही. हो की नाही ते तू सांग. नाही असेल तरी मुदत मी वाढवेन.

मंगळवार, २८ मेपर्यंत उत्तर दे.

यशोधरा